आपण होऊन

पत्र असं आहे:

"सलाम. मी ५३ वर्षांची आहे. लग्नाआधीपासून मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कामात आहे. संडे स्कूल घेते, महिला मंडळाची चिटणीस आहे, कोणी आजारी पडलं की घरभेटीला पहिली मी. घरी सासूबाई साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं सगळं मीच करते. नणंद येते, आईजवळ बसून रडते आणि जाते. धाकटे दीर अडचणीत आले की माझ्याकडे पैसे मागतात, कारण भावाकडे मागायला त्यांना संकोच वाटतो. मी देते. आजवर एकदाही परत आलेले नाहीत.

गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस पडून होते. मंडळीतून एकच फोन आला, रविवारचा वर्ग कोण घेईल ते विचारायला. तेव्हापासून मला एक वाईट खोड लागली आहे. डायरीच्या मागच्या पानांवर मी दोन रकाने केलेत. डावीकडे मी कोणासाठी काय केलं, उजवीकडे त्यांनी माझ्यासाठी काय केलं. उजवा रकाना कोराच आहे. 'प्रीती अपकार स्मरत नाही' हे मुलांकडून पाठ करून घेते आणि घरी येऊन वही उघडते.

परवा उपासनेत विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे तिनं मंदिराच्या पेटीत टाकलेल्या शेवटच्या दोन छोट्या नाण्यांवर, प्रवचन झालं. मला रडू आलं, ते भक्तीनं नव्हे, रागानं. माझ्याकडे आता पेटीत टाकायला उरलंय काय? याला ख्रिस्ती प्रेम म्हणायचं का, की सगळं ढोंगच आहे? सगळं सोडून द्यावंसं वाटतं, आणि तसं वाटलं की अपराधी वाटतं. — एक थकलेली बहीण"

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या वहीपाशी अडखळले, दुसऱ्यांदा त्या फोनपाशी. पंधरा दिवसांत एक फोन, आणि तोही वर्गाची सोय लावायला! हे वाईट झालं. मंडळीच्या वतीनं मी त्यावर सारवासारव करणार नाही.

वहीचं आधी बोलू, कारण लाज तुम्हाला तिची वाटते. 'अपकार स्मरत नाही' या ओळीवरून तुम्ही स्वतःला धारेवर धरलंय. ती ओळ प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली. तिथे त्यानं मूळ ग्रीकमध्ये वापरलेलं क्रियापद हिशोबातलं आहे. मोजणं, खात्यावर मांडणं असा त्याचा अर्थ. म्हणजे माणसं मनात वही ठेवतात हे पौलाला चांगलं माहीत होतं. ज्यांना तो लिहीत होता ते करिंथकर काही संत नव्हते. त्यांच्यात गट पडलेले, एकमेकांवर खटले भरलेले, प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा एक उपाशी आणि दुसरा तर्र. लग्नात वाचून वाचून आपण त्या पत्राचा तेरावा अध्याय इतका गोड करून टाकलाय की तो भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेला आहे हेच विसरतो. तुमची डायरी घेऊन तुम्ही करिंथच्या मंडळीत जाऊन बसला असतात, तर शेजारच्या बाकावरही एखादी निघाली असती.

आणि ढोंगाचं म्हणाल, तर तुम्हीच दिलेला हिशोब बघा. मंडळीत तुम्ही तीसेक वर्षं काम करताय. वही जेमतेम एका वर्षाची आहे. ढोंग असतं तर वही पहिल्या दिवसापासून असती. इतकी वर्षं दिलंत तेव्हा मोजावंसं वाटलं नाही, मग अलीकडे काय बिघडलं? माझ्या मते ऑपरेशननं काहीही बिघडवलं नाही. पंधरा दिवस पडून राहिल्यावर तुम्हाला पहिल्यांदा सवड मिळाली आणि आधीच बिघडलेलं दिसलं, एवढंच.

काय बिघडलेलं होतं, ते सांगायला मला योहानाच्या दहाव्या अध्यायातली एक ओळ लागते. येशू आपल्या प्राणाबद्दल बोलतोय: कोणी तो माझ्यापासून घेत नाही, मी होऊनच तो देतो. वधस्तंभावरचं प्रेम म्हणजे निःस्वार्थ प्रेमाची परिसीमा, हे आपण सगळेच म्हणतो. पण त्या प्रेमाच्या तोंडी हे वाक्य आहे, इकडे आपलं लक्ष जात नाही. घेतला जाणं वेगळं आणि देणं वेगळं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, खिळेही तेच. फरक त्या 'मी होऊन'मध्ये आहे.

आता तुमचा डावा रकाना घ्या आणि एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारा: हे मी आपण होऊन दिलं, की माझ्याकडून गेलं? संडे स्कूलबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहिलीत आणि त्या ओळीत तक्रार नाही. मुलांकडून वचनं पाठ करून घेणं तुम्हाला आवडतं, ते दिसतं. दिरांना दिलेले पैसे मात्र गेलेले आहेत. महिला मंडळाचं चिटणीसपद कदाचित अर्धं दिलेलं, अर्धं गेलेलं असेल, ते तुम्हीच ठरवा. जे आपण होऊन दिलं जातं त्याची नोंद सहसा होत नाही. वहीत येतं ते बहुतेक 'नाही' म्हणता आलं नाही म्हणून झालेलं असतं.

पौल या बाबतीत किती काटेकोर होता हे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिसतं. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी तो वर्गणी गोळा करत होता. आठवा आणि नववा असे दोन अध्याय त्यानं त्यावर खर्ची घातलेत. मासेदोनियातल्या मंडळ्यांचं तो तोंड भरून कौतुक करतो, कारण स्वतः कंगाल असूनही त्यांनी ऐपतीबाहेर दिलं. आणि लगेच सांगतो की ते त्यांनी आपण होऊन दिलं. पुढे हा वर्गणी मागणारा माणूसच लिहितो की दुसऱ्यांचं ओझं हलकं करून तुमचं जड करावं असा माझा हेतू नाही, समानता असावी. मग येतं ते आपल्या दानपेट्यांवर रंगवलेलं 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो'. त्याच वाक्याचा आधीचा अर्धा भाग पेटीवर मावत नाही वाटतं, कारण तो रंगवलेला मी कुठे पाहिला नाही: दुःखी मनानं किंवा द्यावं लागतं म्हणून देऊ नये.

त्या विधवेबद्दलही बोलायला हवं, कारण थकलेल्या बायकांवर उगारायला ती गोष्ट फार सोयीची पडते. मार्कच्या बाराव्या अध्यायात ती कुठे येते ते बघा. तिच्या लगेच आधी येशू शास्त्र्यांबद्दल सांगतो की हे लोक विधवांची घरं गिळून टाकतात. लगेच नंतर, तेराव्याच्या सुरुवातीला, ज्या मंदिराच्या पेटीत तिनं त्या टोल्या टाकल्या त्याचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असं तो म्हणतो. मध्ये ती बाई. येशूनं तिला पाहिलं, शिष्यांना जवळ बोलावून दाखवलं, तिनं सगळ्यांहून जास्त टाकलं असं सांगितलं. 'तुम्हीही जाऊन असंच करा' हे मात्र तो इथे म्हणत नाही. ते तो वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीच्या शेवटी म्हणतो. विधवेचं देणं थोर होतं यात मला शंका नाही. पण तिच्याकडे बोट दाखवून आणखी कोणा बाईचं घर रिकामं करणं हे त्याच अध्यायातल्या शास्त्र्यांचं काम आहे. तुम्हाला राग आला, तो अगदीच अस्थानी नव्हता.

आणि ज्याच्याबद्दल 'असंच करा' म्हटलंय, त्या शोमरोन्यानं काय केलं? जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार उतारशाळेवाल्याच्या हातात ठेवले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. 'याला सांभाळा, जास्त खर्च लागला तर परत येताना देईन' असं सांगून तो आपल्या वाटेला लागला. त्याचा प्रवास होता, तो त्यानं पुरा केला. जखमी माणसाच्या उशाशी तो जन्मभर बसला नाही, आणि सगळं आपल्याच हातून व्हावं असा हट्टही धरला नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवणं हाही त्या प्रेमाचाच भाग होता. आपल्या प्रवचनांत हा उतारशाळेवाला नेहमी उपेक्षितच राहतो, त्याचं कोणी नावही काढत नाही.

तुमच्या घरातला उतारशाळेवाला कोण?

हे विचारण्याचं कारण आहे. तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, नणंद आहे, दीर आहेत, वर्गाची चौकशी करणारा तो फोन आहे. तुमचे यजमान कुठेत? 'भावाकडे मागायला संकोच वाटतो' एवढ्या अर्ध्या वाक्यातून ते येऊन गेले. आई त्यांची आहे ना? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, विधवा आईच्या बाबतीत स्पष्ट लिहिलंय की मुलांनी आणि नातवंडांनी आधी आपल्या घरच्यांशी धर्मानं वागायला शिकावं आणि आईबापांचे उपकार फेडावेत. तिथे सुनेचं नाव नाही. सुनेनं करू नये असं मी म्हणत नाही. तुम्ही करताय ते मोठंच आहे. पण मुलानं आणि मुलीनं त्यातला आपला वाटा उचलला नाही, तर तुमच्या मोठेपणाआड त्यांचं कर्तव्य झाकलं जातंय.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे काय, हे न करणाऱ्याला कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ पुसायची, टाचा आणि माकडहाड लाल झालंय का ते बघायचं. चादरीला सुरकुती राहिली का ते हातानं चाचपायचं, कारण तीच रात्रीत कातडी सोलते. रात्री गजर लावून उठायचं. हे सगळं नणंदेला माहीत नसेल, कारण ती येते तेव्हा चादर ताणलेली असते. तिला 'कधीतरी येऊन राहा' म्हणू नका, त्यातून काही निघत नाही. तारीख सांगा: या महिन्यातला अमुक शनिवार-रविवार तुझा, मी घरात नसेन. आणि खरोखर नसा. यजमानांनाही रात्रीची एक पाळी द्या. पहिल्या दिवशी चुकतील. दाराआडून टिपत बसू नका.

मोशेला हे त्याच्या सासऱ्यानं सांगितलं होतं. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करत बसलेला असतो आणि त्याला वाटतं हीच देवाची सेवा. हा सासरा, इथ्रो, दिवसभर बघतो आणि म्हणतो, तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. लोकही झिजतील, हे त्याच्या ध्यानात आलं. ज्या मंडळीत एकच बाई सगळ्या घरभेटी करते त्या मंडळीला घरभेट कशी करायची हेच विसरायला होतं. मग ती बाई आजारी पडली की तिच्याकडे जाणार कोण?

इथे तुम्हाला मनात वाटेल, ही आता 'आधी स्वतःवर प्रेम करा' असं सांगणार. नाही सांगणार. 'जसे आपणावर तसे शेजाऱ्यावर' यात आज्ञा एकच आहे, शेजाऱ्यावर प्रेम करायची. स्वतःवर करायची निराळी आज्ञा त्यातून ओढूनताणून काढलेली मी ऐकते आणि मला ती पटत नाही. देणं दुखणारच. न दुखता सगळं देता आलं असतं तर वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूवर गेथशेमाने बागेत घाम गाळायची वेळ आली नसती. तसंच 'अगापे' या शब्दाचं. व्यासपीठावरून सांगतात की ग्रीकमधला हा शब्दच मुळी दैवी, निःस्वार्थ प्रेमाचा. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दावीद राजाचा मुलगा अम्नोन याला सावत्र बहीण तामारेबद्दल जे वाटलं, आणि ज्याच्या भरात त्यानं तिच्यावर बळजबरी केली, त्यालाही हाच शब्द वापरलाय. पौलाचा सोबती देमास यानं या जगावर प्रेम करून पौलाला सोडलं, तिथेही याच शब्दाचं क्रियापद आहे. शब्दात जादू नसते. प्रेम कसलं आहे ते बघावंच लागतं.

सासूबाईंच्या बाबतीत तुम्हाला एक भीती असणार. आपण होऊन द्यायचं म्हणजे मनापासून, आनंदानं वाटलं तरच करायचं का? पहाटे तीनला गजर वाजल्यावर कोणाला आनंद होतो? मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातले दोन मुलगे आठवा. एक 'जातो' म्हणाला आणि गेला नाही. दुसरा 'मी नाही जाणार' म्हणाला, मग पस्तावला आणि मळ्यात गेला. बापाच्या इच्छेप्रमाणे करणारा हा दुसरा ठरला. मळ्यात जाताना तो हसत होता असं काही लिहिलेलं नाही. मन कोरडं असताना केलेलं काम देव परत करत नाही. कुढत केलेलं काम वेगळं. कोरडेपणात माणूस म्हणतो, मला नको वाटतंय पण मी ठरवलंय. कुढताना म्हणतो, माझ्यावर टाकलंय. पाळ्या वाटल्या गेल्या की तुमच्या वाट्याची पाळी तुम्ही ठरवलेली असेल. मग कोरड्या मनानंही खुशाल करा.

दिरांचं थोडक्यात सांगते. उसने देणं बंद करा. पुढच्या वेळी मागायला आले की दोनच उत्तरं ठेवा: 'हे घ्या, परत देऊ नका' किंवा 'या वेळी नाही'. पहिलं उत्तर जेवढ्या रकमेला मनापासून देता येईल तेवढीच द्या. आणि दोन्ही उत्तरं यजमानांच्या देखत द्या. तुमच्या मार्फत लपून येणारा पैसा दिरांना भावासमोर उभं राहण्यापासून वाचवतोय, आणि ते उभे राहिल्याशिवाय त्यांचं काही सुधारणार नाही. मागचे पैसे वहीतून खोडायचे की मागायचे? मी असते तर एकदा स्पष्ट मागितले असते आणि मग खोडले असते. न मागता केलेली माफी आतून किती खरी असते याची मला शंका आहे.

आता उजव्या रकान्याकडे येते. तो कोरा आहे, त्यात लोकांचा दोष आहेच. पण ताई, त्या पंधरा दिवसांत तुम्ही कोणाला कळवलंत? 'या आणि बसा जरा' असं एका तरी बाईला म्हणालात? मला वाटतं नसाल म्हणाला. हे मी कशावरून ओळखते, तर माझ्यावरून.

काही वर्षांपूर्वी माझा उजवा हात मनगटात मोडला, प्लास्टर होतं. महिला मंडळातली एक मुलगी, माझ्या लेकीहून लहान, घरी आली आणि म्हणाली, काकू, केस धुऊन देऊ का? मी म्हटलं, नको गं, होईल माझं. चार दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा ती विचारायला थांबलीच नाही. स्टूल ओढलं, माझ्या गळ्याभोवती टॉवेल खोचला आणि मान मागे करायला लावली. तांब्यानं पाणी ओतताना कपाळावर तळहात आडवा धरायची, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. 'कढत नाही ना?' एवढंच दोनदा विचारलं. मी डोळे मिटून बसले होते आणि मला काय वाटत होतं सांगू? कृतज्ञता वगैरे नाही. लाज. आणि थोडा रागसुद्धा. दहा-बारा दिवस न धुतलेले माझे केस हिनं पाहिले याचा राग. इतकी वर्षं मी लोकांच्या आजारपणात जाऊन त्यांच्या उशा सारख्या केल्या होत्या. त्यांना असंच काहीतरी वाटत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

पेत्राचं हेच झालं. येशू शिष्यांचे पाय धुवायला लागतो तेव्हा, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असं तो ठणकावून म्हणतो. ते नम्रपणाचं वाटतं, पण येशू त्याला नम्रपणा म्हणत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सुनावतो. एकमेकांचे पाय धुवा ही आज्ञा त्यानंतर येते, आणि 'एकमेकांचे' म्हटलं की कधीतरी आपलेही पाय कोणाच्या तरी हातात द्यावे लागतात. आपल्यासारख्या बायकांना घंगाळं उचलणं सोपं जातं, पाय पुढे करणं जमत नाही. देणाऱ्याच्या जागी बसलं की आपण वरचढ असतो, कोणाचं देणं लागत नाही. निःस्वार्थ म्हणून मिरवलेल्या सेवेत हा बारीक स्वार्थ लपून बसतो. तुमच्यात तो किती आहे ते मला माहीत नाही. माझ्यात पुष्कळ होता.

म्हणून सगळं सोडून देऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' आहे. पण तीन महिन्यांची सुट्टी घ्या, चिटणीसपदातून आणि घरभेटीतून. संडे स्कूल ठेवायचं असेल तर ठेवा, ते तुम्हाला खाऊ घालतं. एलीया संदेष्टा 'आता पुरे' म्हणून झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नव्हता. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवून उठवलं, खाऊ दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवानं 'तू इथे काय करतोस?' असं विचारलं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

तुमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना जाऊन भेटा. त्या पंधरा दिवसांत मला वाईट वाटलं, हे याच शब्दांत सांगा. वही बरोबर नेऊ नका, यादी वाचलीत की ते एकेका नोंदीचं समर्थन करत बसतील आणि मूळ गोष्ट राहून जाईल. सुट्टीचंही तेव्हाच सांगा, विचारू नका. 'मग काम कोण बघेल?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तुमच्यापाशी तयार नसलं तरी चालेल.

वही आत्ताच फाडू नका. नणंदेशी, यजमानांशी आणि दिरांशी बोलायला तीच उपयोगी पडेल, काय काय वाटून द्यायचंय ते सगळं डाव्या रकान्यात लिहिलेलं आहे.

आणि एक राहिलं. एवढ्या पत्रात सासूबाईंची तब्येत आहे, मंडळीतल्या आजाऱ्यांचा उल्लेख आहे, पण ऑपरेशननंतर तुमचं कसं चाललंय याचं एक अक्षर नाही. जड उचलायला डॉक्टरांनी हो म्हटलंय का? सासूबाईंची कूस बदलताना पोटात ओढ बसते का? कळवा.

तुमची,
ताई